वेळेवरून स्थळ

आमच्या घरी एक जुने छायाचित्र आहे. पोस्टकार्डाएवढे, कडा पिवळ्या पडलेले. त्यात नदीकाठची एक लहानशी दगडी छत्री दिसते. मागे नदीचे पात्र, पलीकडचा काठ धूसर. छत्रीच्या पायऱ्यांवर पागोटे बांधलेला एक मनुष्य अंग चोरून बसला आहे. पाठीवर आजोबांच्या हस्ताक्षरात एवढेच लिहिले आहे : ‘मूळ पुरुषांची छत्री. नर्मदातीर. माघ वद्य ५, शके १८५९.’

मूळ पुरुष म्हणजे होळकरांच्या पदरी शिलेदारी करण्यासाठी देशावरून माळव्यात आलेले आमचे पूर्वज. स्वारीहून परतताना नर्मदेच्या काठी त्यांचा देह पडला, एवढी हकिगत घरात चालत आली आहे. छत्री कोठे आहे हे आजोबांना ठाऊक होते. वडिलांनी त्यांना ते कधी विचारले नाही. मी विचारण्याजोगा झालो तोवर आजोबा उरले नव्हते. नर्मदेची लांबी तेराशे किलोमीटरांहून अधिक आणि काठ दोन. ‘नर्मदातीर’ या एका शब्दावर शोध घेणे शक्य नव्हते. तिथी होती, शक होता. गाव तेवढे नव्हते. वाचकांपैकी अनेकांच्या घरी, ट्रंकेच्या तळाशी, अशी छायाचित्रे निघतील याविषयी मला शंका नाही. आपण परमुलखात स्थिरावलेली माणसे. तिथी जपली, श्राद्धे चुकविली नाहीत. पण ठिकाणे विसरलो.

या छायाचित्राचा पुढे काही उलगडा झाला. तो ज्या मार्गाने झाला त्याचा आरंभ एका काडेपेटीपेक्षा थोड्या मोठ्या यंत्रापासून आहे, म्हणून आधी त्या यंत्राविषयी सांगतो.

२००८ साली माझ्या भाच्याने परदेशातून परत येताना ते मला आणून दिले. त्याला ‘जीपीएस लॉगर’ म्हणतात. त्यापूर्वी दोन वर्षे, म्हणजे २००६ मध्ये, सोनी कंपनीने ‘जीपीएस-सीएस१’ नावाचे असे एक उपकरण छायाचित्रकारांसाठी म्हणून बाजारात आणले होते; ते दर पंधरा सेकंदांनी आपले स्थान टिपून ठेवी. पुढे अनेक कंपन्यांची अशी यंत्रे निघाली. हे यंत्र पिशवीच्या वरच्या कप्प्यात ठेवून चालू लागायचे. त्याला पडदा असलाच तर नावापुरता. नकाशा नाही, आवाज नाही. ते केवळ लिहीत राहते : अमुक वेळी अमुक अक्षांश, अमुक रेखांश, अमुक उंची. दिवसभराच्या पायपिटीनंतर काही हजार ओळी जमतात.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हे यंत्र छायाचित्र काढीत नाही आणि कॅमेऱ्याशी त्याचा कोणताही संबंध नसतो. दोघेही आपापल्या जागी आपापली वेळ लिहीत असतात. डिजिटल कॅमेरा प्रत्येक छायाचित्राच्या पोटात ते केव्हा काढले याची नोंद ठेवतो. ‘एक्झिफ’ नावाची ही पद्धत जपानमध्ये १९९५ च्या सुमारास ठरविण्यात आली आणि पुढे तिच्यात स्थळाच्या नोंदीसाठीही रकाने ठेवण्यात आले. साधा कॅमेरा ते रकाने कोरेच ठेवी. घरी आल्यावर संगणकास दोन्ही याद्या द्यावयाच्या. छायाचित्र चार वाजून सात मिनिटांचे असेल तर चार वाजून सात मिनिटांनी लॉगर कोठे होता ते पाहून संगणक तो कोरा रकाना भरतो. महसूल खात्यात आयुष्य घालविलेल्या माणसाला हा प्रकार ओळखीचा वाटतो. दोन स्वतंत्र नोंदवह्या आणि त्यांचा मेळ घालणारा एकच समान रकाना. तो रकाना वेळेचा.

आणि म्हणून तो रकाना चुकला की सारेच चुकते. २००९ च्या हिवाळ्यात आम्ही सातआठ जण बडवानीच्या आसपास नर्मदेच्या काठाने चार दिवस पायी फिरलो. मुक्कामी कॅमेऱ्याची बॅटरी पार उतरली आणि नवी घातल्यावर घड्याळ पुन्हा लावावे लागले. धर्मशाळेच्या भिंतीवर घड्याळ होते, त्यावरून लावले. ते घड्याळ अकरा मिनिटे पुढे होते. चालणारा मनुष्य मिनिटाला पाऊणशे मीटर जातो. अकरा मिनिटांत आठशे मीटर. त्या दिवशीचे प्रत्येक छायाचित्र आपल्या जागेवरून पुढे सरकले. एका घाटावरील बेवारस छत्री मी टिपली होती. टिपून झाल्यावर थोड्याच वेळात आम्ही नावेत बसलो. संगणकाने ती छत्री नकाशावर नर्मदेच्या ऐन मध्यभागी नेऊन ठेवली.

तेव्हा आम्ही पुष्कळ हसलो. भाच्याने उपायही सांगितला : निघण्यापूर्वी कॅमेऱ्याने एकदा जीपीएसच्या घड्याळाचेच छायाचित्र घ्यावे, म्हणजे दोन घड्याळांतील अंतर कळते आणि सारी यादी एकदम मागेपुढे करता येते. आमच्याकडे तसे छायाचित्र नव्हते, परंतु लॉगर कोठे किती वेळ थांबला होता यावरून अकरा मिनिटांचा हिशोब लागला. छत्री घाटावर परतली. ही लॉगरची मोठी सोय. तो एकेक बिंदू ठेवीत नाही, अख्खी वाट ठेवतो. त्यामुळे चूक मागाहून शोधता येते.

सप्टेंबर २०१९ मध्ये सरदार सरोवर प्रथमच १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरले. तो घाट आणि ती छत्री आता पाण्याखाली आहेत.

वेळेवरून स्थळ काढण्याची ही रीत संगणकाबरोबर जन्मली असे मी काही दिवस समजत होतो. वास्तविक आपण ज्या प्रदेशात राहतो तेथील ती फार जुनी विद्या आहे. सूर्यसिद्धान्ताने भूमध्यरेखा मानली ती लंकेपासून अवंतीवरून, म्हणजे उज्जयिनीवरून, कुरुक्षेत्राकडे जाणारी. पंचांगाचे गणित त्या रेषेवरच्या काळाचे. आपले गाव त्या रेषेच्या पूर्वेस किंवा पश्चिमेस असेल तर ‘देशान्तर’ नावाचा संस्कार करावा लागे. पण गाव रेषेपासून किती दूर हे ठरवावयाचे कसे? सूर्यसिद्धान्ताचे उत्तर असे : चंद्रग्रहण पाहा. ग्रहण सर्वांना एकाच क्षणी दिसते. गणिताने काढलेल्या वेळेपेक्षा तुमच्या गावी ते उशिरा दिसले तर तुम्ही रेषेच्या पूर्वेस आहात, लवकर दिसले तर पश्चिमेस. आणि जितक्या घटिकांचा फरक, तितके अंतर. एक घटिका म्हणजे चोवीस मिनिटे, म्हणजे सहा अंश. उज्जैनच्या अक्षांशावर सुमारे सहाशे किलोमीटर. अडचण कोठे आहे ते वाचकांच्या ध्यानी आलेच असेल. घटिकापात्र चार मिनिटांनी जरी चुकले तरी गाव शंभर किलोमीटर सरकते. आमच्या छत्रीपेक्षा कितीतरी अधिक.

युरोपातील खलाशांची अडचण याहून निराळी नव्हती. त्यांच्यासाठी ब्रिटिश पार्लमेंटने १७१४ मध्ये बक्षीस लावले आणि जॉन हॅरिसन या सुतारकामातून घड्याळांकडे वळलेल्या कारागिराने समुद्रावरही न बिघडणारे घड्याळ करून दाखविले. १७६१ मध्ये निघालेल्या जमैकाच्या सफरीत त्याची परीक्षा झाली. ती कथा आता सर्वपरिचित आहे. मला अधिक आकर्षण वाटते ते आपल्या वाटांवरून त्या काळात गेलेल्या माणसांचे.

सवाई जयसिंह माळव्याचे सुभेदार असताना त्यांनी उज्जैनला वेधशाळा बांधली. दिल्ली, जयपूर, मथुरा आणि काशी येथील वेधशाळा त्यांच्याच. पुढे मराठ्यांचा अंमल आला, वेधशाळेकडे कोणाचे लक्ष राहिले नाही. १७९२ मध्ये डॉ. विल्यम हंटर हा इंग्रज शल्यवैद्य मेजर पामर या वकिलाबरोबर आग्र्याहून उज्जैनला आला. त्याने या प्रवासाचा वृत्तान्त लिहून ठेवला आणि वाटेतल्या स्थळांची स्थाननिश्चिती आकाशातील वेध घेऊन केली. अशा प्रवाशांची ठरलेली रीत म्हणजे मध्यान्हीच्या सूर्यावरून अक्षांश आणि गुरूच्या उपग्रहांच्या ग्रहणांवरून रेखांश. गुरूचे उपग्रह म्हणजे आकाशात टांगलेले घड्याळच. ग्रहणाची ग्रीनिचची वेळ छापील कोष्टकात आणि आपली स्थानिक वेळ हाताशी. चंद्रग्रहण वर्षातून एकदोनदा, हे मात्र वारंवार. याच हंटरने जयसिंहांच्या वेधशाळांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले आहे.

त्याच वाटेने पासष्ट वर्षांनी विष्णुभट गोडसे वरसईकर आले. ‘माझा प्रवास’ या पुस्तकाची थोरवी मी सांगावयास नको. उत्तरेतील मराठी घरांतून ते जवळजवळ पोथीसारखे वाचले गेले आहे. १९०७ मध्ये चिंतामणराव वैद्यांनी ते संस्कार करून छापले आणि मूळ लेखनाच्या जवळ जाणारी प्रत त्यानंतर बऱ्याच वर्षांनी वाचकांच्या हाती आली. गोडसे भटजींनी झाशीचा वेढा डोळ्यांनी पाहिला. माणसे, भीती, भूक यांची त्यांची आठवण विलक्षण. त्यांचे अंतर मात्र मजलांत आणि कोसांत, आणि कोस कोठला लांब तर कोठला आखूड. हंटरच्या नोंदीवरून आपण वाटेवरच्या स्थळाशी नेमके जाऊन उभे राहू शकतो, पण तेथे उभे राहिल्यावर काय झाले होते हे कळण्यास गोडसेच हवेत. दोघांची वही एका माणसाजवळ असती तर! असो.

मोजणीचे पुढचे मोठे काम त्रिकोणमितीच्या सर्वेक्षणाचे. कर्नल लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ पहिली आधाररेषा मोजली आणि वीस वर्षे उत्तरेकडे सरकत येऊन २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे प्राण सोडला. त्याची कबर तेथेच आहे. काम पुढे नेणाऱ्या एव्हरेस्टने माळव्याच्या टोकाला सिरोंज येथे १८२४ च्या अखेरीस आणखी एक आधाररेषा घातली. नोकरीच्या आरंभी पटवाऱ्यांबरोबर जरीब ओढताना आणि शेताच्या हद्दीवरील ‘चांदा’ दगड शोधताना आम्हांस याची कल्पना नसे की आमच्या गावनकाशाचे धागे कोठेतरी त्या साखळीला बांधलेले आहेत. लॉगर हाती आल्यावर ते एका निराळ्याच तऱ्हेने कळले. लॉगरची जागा आणि जुन्या सर्वेक्षण-नकाशावरची जागा जुळेना. माळव्यात हा फरक शंभर मीटरांच्या वर निघतो. जुने नकाशे एव्हरेस्टने १८३० मध्ये मानलेल्या पृथ्वीच्या आकारावर आधारलेले आहेत आणि जीपीएसची पृथ्वी वेगळी आहे. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर सर्वसामान्यांसाठीचे नकाशे नव्या मानावर काढण्यात येऊ लागले. तोपर्यंत, एव्हरेस्टसाहेब जाऊन दीड शतक होत आले तरी, आम्ही त्यांच्याच पृथ्वीवर राहत होतो.

छायाचित्रांच्या बाबतीत आपल्या इंदूरचा एक अभिमानास्पद संबंध आहे. राजा लाला दीनदयाळ हे रुडकीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकून १८६६ मध्ये इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नकाशे आणि अंदाजपत्रके करण्याच्या कामावर आले आणि १८७४ च्या सुमारास येथेच त्यांनी कॅमेरा हाती घेतला. सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर त्यांनी मध्य भारतातील वास्तूंची छायाचित्रे घेतली. ते पुस्तक १८८६ मध्ये निघाले. त्यांच्या छायाचित्रांना क्रमांक असतो, स्थळाचे नाव असते. नकाशे काढणाऱ्या माणसाचीच ही सवय, असे मला नेहमी वाटत आले आहे. आमच्या आजोबांजवळ कॅमेरा होता, ही शिस्त नव्हती. निदान मी तसे समजत होतो.

जीपीएसची कथा थोडक्यात सांगतो, कारण तिचा तपशील आता शाळकरी मुलांनाही ठाऊक असतो. अमेरिकेच्या सैन्याने या मालिकेतला पहिला उपग्रह १९७८ मध्ये सोडला. १९८३ मध्ये वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलेले दक्षिण कोरियाचे प्रवासी विमान पाडले गेले, २६९ माणसे गेली. त्यानंतर राष्ट्राध्यक्ष रीगन यांनी ही सेवा नागरिकांनाही देण्याचे जाहीर केले. १९९५ पर्यंत चोवीस उपग्रहांची योजना पूर्ण झाली. परंतु नागरिकांना मिळणाऱ्या संकेतात हेतुपुरस्सर भेसळ असे, त्यामुळे स्थळ शंभर मीटरपर्यंत चुके. ही भेसळ मे २००० च्या आरंभी एका रात्रीत बंद करण्यात आली. छायाचित्रांना स्थळ जोडण्याचा छंद त्यानंतरचा. त्यापूर्वी छत्री आणि शेजारचा वड यांत भेद करणेच शक्य नव्हते. भारतानेही २०१३ ते २०१६ या काळात आपले सात उपग्रह सोडून ‘नाविक’ ही स्वतंत्र प्रणाली उभारली.

यातील माझ्या विषयाची गोष्ट वेगळी आहे. हे उपग्रह आपल्याला ‘तू अमुक ठिकाणी आहेस’ असे सांगत नाहीत. वीस हजार किलोमीटरांहून उंच असलेला प्रत्येक उपग्रह आपल्या आण्विक घड्याळातली वेळ सांगत असतो, आणि त्या क्षणी आपण स्वतः कोठे आहोत तेही. संकेत किती उशिरा पोहोचला यावरून यंत्र अंतर काढते. स्थळासाठी तीन उपग्रह पुरेसे व्हावेत. चौथा लागतो, कारण आपल्या हातातले घड्याळ स्वस्तातले असते आणि त्याची चूक किती हेही त्याच गणितातून काढावे लागते. प्रकाश एका सेकंदाच्या दशलक्षांश भागात तीनशे मीटर जातो. पाहा कसे आहे : ग्रहणाच्या वेधात एक मिनिट चुकले तर माळव्यात पंचवीस किलोमीटर, कॅमेऱ्याच्या घड्याळात एक मिनिट चुकले तर पाऊणशे मीटर, आणि उपग्रहाच्या घड्याळात सेकंदाचा दशलक्षांश चुकला तर तीनशे मीटर. सूर्यसिद्धान्तकारांना हे गणित परके वाटले नसते.

‘किती वाजले’ हा प्रश्नही वाटतो तितका सरळ नाही. लॉगर ग्रीनिचची जागतिक वेळ लिहितो. साडेपाच तास मिळविण्यास विसरले तर सकाळची छायाचित्रे पुढे दुपारच्या वाटेवर जाऊन पडतात. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासूनची. मुंबईने तर आपली एकोणचाळीस मिनिटे मागे असलेली वेळ त्यानंतरही १९५५ पर्यंत चालविली. उज्जैनची स्थानिक वेळ प्रमाणवेळेच्या सुमारे सत्तावीस मिनिटे मागे. जयसिंहांच्या वेधशाळेचा जीर्णोद्धार माधवराव शिंदे यांनी १९२३ मध्ये करविला आणि तेथील कारभार गोविंद सदाशिव आपटे या मराठी ज्योतिर्विदांनी पाहिला. तेथील सम्राटयंत्रावर सावलीने वेळ पाहिली तर मनगटावरच्या घड्याळाशी जुळत नाही. कोष्टकातील मिनिटे मिळवावी लागतात. लहानपणी वडिलांबरोबर तेथे गेलो असता, यंत्र चुकते आहे, असे मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले होते. वडील म्हणाले, ‘यंत्र उज्जैनचे आहे, घड्याळ मिर्झापूरचे.’

आता मूळ छायाचित्राकडे येतो. अकरा मिनिटांचा घोटाळा निस्तरीत असताना एका रात्री मनात आले की आजोबांच्या छायाचित्रावर वेळ आहेच. हवी आहे ती दुसरी वही. आजोबा होळकर संस्थानात महसूल खात्यात होते, बारमाही दौऱ्यावर. सरकारी नोकर एक वेळ देवपूजा चुकवील, प्रवासभत्ता चुकविणार नाही. माळ्यावरच्या गाठोड्यात त्यांच्या भत्त्याच्या बिलांच्या नकला निघाल्या. वाळवीने वरची दोनतीन वर्षे खाल्ली होती, खालची शाबूत. कोठून निघाले, कोठे पोहोचले, किती कोस, सारे हिंदीत लिहिलेले, तिथीवार. हाच त्यांचा लॉगर. संवत् १९९४ ची बिले उघडली; शके १८५९ चा माघ त्यातच येतो. माघ कृष्ण पंचमीस आजोबा खरगोनच्या कचेरीत बसलेले. खरगोन कुंदा नदीवर. नर्मदा तेथून पुष्कळ दूर. सारा उत्साह मावळला.

तीनचार दिवस मी ती बिले गुंडाळून ठेवली होती. मग सौभाग्यवतींनी महाशिवरात्रीच्या उपासाची आठवण करीत असता सहज म्हटले, ‘आपली माघात, शेजारच्यांची फाल्गुनात.’ आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आपला महिना अमावास्येस संपतो, माळव्यातला पौर्णिमेस. शुक्ल पक्षात दोन्ही महिन्यांचे नाव एक. वद्य पक्षात मात्र आपला माघ तो त्यांचा फाल्गुन. आजोबांनी छायाचित्रावर घरच्या रीतीने मराठी तिथी घातली होती आणि बिलात कचेरीच्या रीतीने माळवी. दोन घड्याळे एक महिन्याने मागेपुढे होती, आणि ती दोन्ही एकाच माणसाच्या हातची. दोन्ही पंचांगे घरात नांदविणाऱ्या आपल्यासारख्यांना हे न सुचावे याची मला आजही लाज वाटते.

फाल्गुन कृष्ण पंचमीचे बिल असे होते : सकाळी मंडलेश्वरहून प्रस्थान, काठाकाठाने पूर्वेस सात कोसांवर मुक्काम. म्हणजे फेब्रुवारी १९३८, नर्मदेचा उत्तर काठ, आणि तेराशे किलोमीटरांतून उरले ते वीसबावीस किलोमीटर.

त्यातही छायाचित्राने आणखी थोडे सांगितले. उत्तर काठावरून नदीकडे तोंड केले की उजवा हात पश्चिमेस येतो. छत्रीची सावली उजवीकडे पडली आहे; म्हणजे वेळ सकाळची. सावली उंचीच्या साधारण दीडपट. माघ वद्यात या अक्षांशावर ती सूर्योदयानंतर अडीच-पावणेतीन तासांनी तेवढी होते. पहाटे निघालेला टांगा किंवा घोडे बैलगाडीच्या बरोबरीने तेवढ्या वेळात दोन ते चार कोस जाते. छायाचित्रातली सावली तिरपी दिसते, तेव्हा हा अंदाज ढोबळच.

२४ नोव्हेंबर २०१९ रोजी, रविवारी, मी आणि माझा मुलगा मंडलेश्वरहून चालत निघालो. घाई होती. हा सारा काठ महेश्वर जलविद्युत प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्राच्या कागदांत होता. वर रावेरखेडीला, जेथे २८ एप्रिल १७४० रोजी थोरल्या बाजीरावांचा देह पडला, त्या समाधीविषयीही हीच चिंता वर्षानुवर्षे चालत होती. बडवानीकडचा घाट दोन महिन्यांपूर्वीच गेला होता. या खेपेस कॅमेऱ्याने जीपीएसच्या घड्याळाचे छायाचित्र घेण्यास मी विसरलो नाही. तरी संध्याकाळी संगणकाने एकही छायाचित्र जुळविले नाही. पाहतो तो लॉगरने त्या दिवशीची तारीख लिहिली होती ९ एप्रिल २०००. वार मात्र रविवारच.

याचे कारण मुलाने शोधले. जीपीएसच्या संकेतात आठवडे मोजण्यासाठी जागा अपुरी ठेवली होती. १०२४ आठवडे झाले की आकडा पुन्हा शून्यावर येतो. गणना ६ जानेवारी १९८० पासून. पहिला फेरा ऑगस्ट १९९९ मध्ये संपला, दुसरा एप्रिल २०१९ मध्ये. नव्या यंत्रांना हे माहीत असते, माझ्या अकरा वर्षांच्या जुन्या यंत्राला नव्हते. ७१६८ दिवस मिळविले आणि सारी छायाचित्रे आपापल्या जागी बसली. आजोबांचा महिना आणि माझी १०२४ सप्तके, जात एकच.

मंडलेश्वरपासून अडीच कोसांवर एक छत्री आहे आणि सव्वातीन कोसांवर दुसरी. दोन्हींचा घाट जवळजवळ सारखा. पहिलीचा कळस शाबूत आहे, पण पायऱ्या तीनच. छायाचित्रात पाच दिसतात. गाळाने दोन बुजल्या असतील. दुसरीला पायऱ्या पाच आहेत, कळस नाही, आणि मागचा एक खांब पुढे केव्हातरी विटांनी बांधून काढलेला. पहिलीजवळच्या शेतकऱ्याने तिला ‘मराठों की छतरी’ म्हटले; दुसरीजवळच्या म्हाताऱ्यानेही तेच म्हटले. पलीकडच्या काठावरील झाडी ऐंशी वर्षांत बदललेली, तिच्यावरून काही ठरेना. मुलाचे मत पहिलीकडे झुकते, माझे दुसरीकडे. आम्ही दोन्हींना नारळ वाढविला.

लॉगरचा काळ आता सरला. मोबाइल फोन छायाचित्राबरोबर स्थळ आपोआप लिहितो आणि वेळ स्वतःच दुरुस्त करतो, त्यामुळे असली यंत्रे दुकानांतून दिसेनाशी झाली. पण फोन ठेवतो तो छायाचित्रापुरता बिंदू, आणि तोही छायाचित्रकार कोठे उभा होता त्याचा. पैलतीरावरून छत्री टिपली तर नोंद पैलतीराची होते. शिवाय तेच छायाचित्र संदेशातून नातलगांना धाडले की ही नोंद बहुधा वाटेत गळून पडते. पोहोचते ते पुन्हा आजोबांच्या छायाचित्रासारखे. म्हणून मी दोन्ही छत्र्यांची छायाचित्रे कागदावर छापून घेतली. प्रत्येकाच्या पाठीवर शाईने अक्षांश-रेखांश लिहिले आणि ते कोणत्या मानाचे तेही. जागा छत्रीच्या पायरीची, छायाचित्रकाराची नव्हे, हे लिहिले. वेळ लिहिली आणि पुढे ‘भारतीय प्रमाणवेळ’ असे लिहिले. खाली ‘कार्तिक वद्य १३, शके १९४१’. त्यापुढे कंसात ‘मास अमान्त; माळवी रीतीने मार्गशीर्ष’. आजोबांच्या छायाचित्राबरोबर ती दोन्ही एकाच पाकिटात ठेवली आहेत.